नर्सिंगच्या परीक्षेआधी पॅथोफिजिओलॉजीची उजळणी : ‘का’ विचारत विचारत

मेड-सर्जच्या, म्हणजे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या पेपरात ‘पॅथोफिजिओलॉजी लिहा’, म्हणजे आजारात शरीर आतून कसं बिघडत जातं ते लिहा, असं आलं की बरेच विद्यार्थी पुस्तकातली बाणांची आकृती डोळ्यांसमोर आणायला धडपडतात. मधला एखादा बाण निसटला की पुढचं सगळं अडतं आणि पेन नुसतं हातात राहतं. इंदूरच्या मुलींना शिकवताना हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. मेहनतीत त्या कमी नसतात, पण ती मेहनत आजार पाठ करण्यात जाते. तो आजार ज्या दोन-चार बिघाडांतून उभा राहतो, ते बिघाड समजून घ्यायचे राहून जातात.

शरीर बिघडायचे मार्ग तसे मोजकेच आहेत. पेशीला ऑक्सिजन कमी पडतो, कुठेतरी दाह होतो, पाणी आणि क्षार नको त्या जागी जातात, आम्ल-अल्कलीचा तोल ढळतो, एखादं हार्मोन कमी किंवा जास्त होतं, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, पेशी बेलगाम वाढतात. पुस्तकातले बहुतेक आजार यातल्या एका किंवा दोन-तीन बिघाडांच्या मिश्रणातून तयार होतात. म्हणून उजळणीची सुरुवात इथून करायची.

आधी यादी, मग पुस्तक

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सेमिस्टर पद्धतीच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पॅथॉलॉजी तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजीसोबत येते, आणि अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगमध्ये पॅथोफिजिओलॉजी जोडूनच दिलेली आहे. म्हणजे हा विषय एका पेपरापुरता नाही. औषध का देतात, तपासणी का सांगतात, केअर प्लॅनमध्ये अमुकच नर्सिंग डायग्नोसिस का लिहायचं, या सगळ्याच्या मुळाशी तोच असतो.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. मागच्या काही वर्षांचे पेपर काढा, त्यात आलेल्या आजारांची नावं एका मोठ्या कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर मुख्य बिघाड कोणता ते लिहा. हार्ट फेल्युअरसमोर ‘पंप कमी, पाणी साठलं’. नेफ्रोटिक सिंड्रोम या किडनीच्या आजारासमोर ‘प्रथिनं गळतात, पाणी बाहेर येतं’. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे आपलं डीकेए, यासमोर ‘इन्सुलिन नाही, पाणी गेलं, आम्ल वाढलं’. सुचेना तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे सरका. जिथे प्रश्नचिन्हं दाटीनं दिसतात, तिथून अभ्यास सुरू करायचा. आवडता धडा पुन्हा पुन्हा वाचायचा मोह सगळ्यांनाच होतो, त्यापासून हा कागद वाचवतो.

नॉर्मल काय, ते अर्ध्या पानात

फिजिओलॉजी विसरलेली असताना पॅथोफिजिओलॉजी वाचणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. तरी फिजिओलॉजीचं अख्खं पुस्तक पुन्हा काढू नका. प्रत्येक संस्थेसाठी अर्धं पान पुरतं. किडनीसाठी एवढं पक्कं असलं की भागतं : रक्त गाळलं जातं, हवं ते परत शोषलं जातं, रक्तदाब घसरला की रेनिन सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन येतात, अल्डोस्टेरॉन सोडियम-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. या एका ओळीवर हार्ट फेल्युअर, सिऱ्होसिस या लिव्हरच्या आजारातलं जलोदर, अ‍ॅडिसन (अ‍ॅड्रिनल ग्रंथीची हार्मोन्स कमी पडणं) आणि एसीई इन्हिबिटर या बीपीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम असे चार धडे उभे आहेत.

साखळी कशी लिहायची

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून एक आजार पूर्ण करून दाखवते. डीकेए घेऊ. कागदाच्या वर लिहा ‘इन्सुलिन नाही’ आणि खाली तीन फांद्या काढा.

पहिली फांदी पाण्याची. इन्सुलिन नाही म्हणून ग्लुकोज स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत शिरत नाही, आणि लिव्हर मात्र नवीन ग्लुकोज तयार करतच राहतं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की किडनीला ती सगळी परत घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान, म्हणून जीभ कोरडी, नाडी जलद, बीपी कमी. इथेच नर्सिंगचं पहिलं काम ठरतं : ०.९ टक्के सलाईन आणि दर तासाला इनटेक-आऊटपुट.

दुसरी फांदी आम्लाची. पेशी उपाशी आहेत, म्हणून चरबी फुटते, फॅटी अ‍ॅसिड लिव्हरमध्ये जातात आणि तिथे कीटोन तयार होतात. कीटोन आम्लधर्मी असतात, ते थोपवता थोपवता बायकार्बोनेट खर्ची पडतं आणि पीएच घसरतो. मेंदूतलं श्वसनकेंद्र कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकायला लागतं, म्हणून श्वास खोल आणि जलद होतो. हाच कुसमॉल श्वास. तोंडाला फळासारखा वास येतो तो अ‍ॅसिटोनचा. आता एमसीक्यूमध्ये ‘हा श्वास कशाची भरपाई करतो’ असं विचारलं तर आठवावं लागणार नाही, तुम्ही ते ओळीनं काढू शकाल.

तिसरी फांदी पोटॅशियमची, आणि गुण जातात ते इथे. इन्सुलिनअभावी आणि रक्त घट्ट झाल्यामुळे पोटॅशियम पेशीतून रक्तात येतं आणि रक्तातून लघवीवाटे जातं. म्हणजे शरीरातला साठा रिकामा होत असतो, पण रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल किंवा वाढलेलासुद्धा दिसतो. मग आपण इन्सुलिन सुरू करतो. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, रक्तातला आकडा झपाट्यानं पडतो आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून इन्सुलिनआधी पोटॅशियम बघतात. ते ३.३ ते ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरून काढतात आणि इन्सुलिन थांबवून ठेवतात. ईसीजी मॉनिटर का, लघवी होते आहे याची खात्री करूनच पोटॅशियम का, हेही याच फांदीवर लटकलेलं आहे.

आता एक अवघड प्रश्न. साखर २०० ते २५० पर्यंत उतरली तर इन्सुलिन बंद करायचं का? दुसरी फांदी बघा. कीटोन अजून संपलेले नाहीत, म्हणून इन्सुलिन चालू ठेवून सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज जोडतात. साखळी समजलेली मुलगी हे उत्तर परीक्षेत स्वतः तयार करते. आणि वयस्क टाइप २ रुग्णाच्या हायपरऑस्मोलर अवस्थेत साखर ६०० च्या वर जाऊनही कीटोन का नसतात? कारण चरबी फुटू न देण्याइतकं थोडं इन्सुलिन शिल्लक असतं. पहिली फांदी जोरात, दुसरी जवळजवळ नाही. एका आजाराची साखळी नीट लिहिली की शेजारचा आजार असा अर्धा होऊन जातो.

प्रत्येक साखळीच्या शेवटी नर्सचं काम आलंच पाहिजे, हा माझा आग्रह आहे. लक्षणापाशी थांबलेली साखळी डॉक्टरांच्या पुस्तकाची नक्कल होते. परीक्षक नर्सिंगचे असतात, त्यांना पुढची कडी हवी असते.

एक बिघाड, अनेक आजार : सूज

आता उलट्या दिशेनं जायचं. एक बिघाड धरून त्यात किती आजार बसतात ते बघायचं. यासाठी अंगावरची सूज, म्हणजे इडिमा, हा उत्तम विषय आहे. केशवाहिनीतून पाणी बाहेर येऊन साठायला चारच वाटा आहेत.

एक, आतला दाब वाढतो. हार्ट फेल्युअर, पायातल्या शिरेतली गुठळी. दोन, रक्तातलं अल्ब्युमिन घटतं आणि पाणी धरून ठेवायची ओढ कमी होते. नेफ्रोटिक सिंड्रोम, सिऱ्होसिस, कुपोषित मूल. तीन, केशवाहिनीची भिंतच गळकी होते. भाजणं, सेप्सिस, अ‍ॅलर्जी. चार, लसिकावाहिन्या तुंबतात. हत्तीरोग, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यानंतर सुजलेला हात.

भाजलेल्या रुग्णाचा धडा कंटाळवाणा वाटत असेल तर तिसऱ्या वाटेनं आत शिरा. पहिले २४ तास भिंत गळते, प्लाझ्मा बाहेर जातो, म्हणून रक्त घट्ट आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढलेलं. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं म्हणून तेही वाढलेलं. पाणी भरून काढायला पार्कलँडचं सूत्र : ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेली टक्केवारी. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला असेल तर ७,२०० मिलिलिटर, त्यातलं निम्मं म्हणजे ३,६०० पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजतात, वॉर्डात आल्यापासून नाही. रुग्ण धारहून दोन तासांनी पोचला असेल तर उरले सहाच. दोनेक दिवसांनी भिंत सावरते, पाणी परत रक्तात येतं, लघवी वाढते, आणि आता धोका उलटा होतो : फुप्फुसात पाणी आणि कमी पोटॅशियम.

सारखे दिसणारे आजार शेजारी ठेवा

एमसीक्यूचे पेपर काढणाऱ्यांना जोड्या आवडतात. वहीचं पान मधोमध दुमडा आणि दोन्ही बाजूंना एकेक आजार लिहा. डावं आणि उजवं हार्ट फेल्युअर : डावीकडचं रक्त फुप्फुसात तुंबतं म्हणून दम आणि क्रॅकल्स (श्वासाबरोबर छातीत ऐकू येणारे बारीक कडकड आवाज), उजवीकडचं शरीरात तुंबतं म्हणून पाय सुजणं, मानेच्या शिरा फुगणं, लिव्हर वाढणं. एडीएच (किडनीला पाणी धरून ठेवायला लावणारं हार्मोन) जास्त आणि एडीएच कमी : पहिल्यात पाणी साठून सोडियम पातळ होतं, दुसऱ्यात पाण्यासारखी लघवी जाऊन सोडियम चढतं. अ‍ॅडिसन आणि कुशिंग (कॉर्टिसोल जास्त होणं) तर आरशासारखे आहेत, एक लिहून दुसरा उलटा करा.

शॉकला मात्र जोडी पुरत नाही, चार रकाने लागतात. रक्त-पाणी गेलं, पंप थकला, रस्त्यात अडथळा आला, किंवा नळ्या ढिल्या पडल्या. हायपोव्होलेमिक शॉकमध्ये कातडी गार आणि नाडी जलद. कार्डिओजेनिकमध्येही तसंच, पण छातीत क्रॅकल्स, म्हणून तिथे सलाईनचा हात आखडता. ऑब्स्ट्रक्टिव्हमध्ये टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती दाबानं कोंडलेली हवा) किंवा हृदयाभोवती साठलेलं रक्त, अडथळा काढल्याशिवाय बीपी येत नाही. ढिल्या नळ्यांत सेप्टिक, अ‍ॅनाफिलॅक्टिक आणि न्यूरोजेनिक हे तिघे. न्यूरोजेनिकमध्ये सिंपथेटिक नसांचा पुरवठाच तुटलेला असतो, म्हणून बीपी कमी असूनही नाडी मंद आणि कातडी उबदार. ‘बीपी ८०, नाडी ५२, पाय कोमट, काल झाडावरून पडला’ अशी केस आली की पर्याय वाचायच्या आधीच उत्तर तयार हवं.

त्याच पानावर खाली डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणंही लिहा : सिस्टोलिक बीपी वर, नाडी खाली, श्वास अनियमित. हे बहुतेक शॉकच्या नेमकं उलट आहे. अपघाताच्या केसमध्ये दोन्हींची गल्लत होते, आणि ती गल्लत वॉर्डात जिवावर बेतू शकते.

आकडे थोडे, पण रोज

सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, अल्ब्युमिन ३.५ ते ५, मोठ्या माणसाची लघवी तासाला किमान ०.५ मिलिलिटर प्रतिकिलो, मीन आर्टरियल प्रेशर किमान ६५. सुरुवातीला एवढे पुरेत.

एबीजीला, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या आम्ल-वायू तपासणीला, घाबरायचं कारण नाही. आधी पीएच बघा, मग त्याच्या दिशेनं कोण गेलंय ते शोधा. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड २८, बायकार्बोनेट १३. पीएच आम्लाकडे. बायकार्बोनेट कमी, म्हणजे तेही आम्लाकडे, तर दोषी तेच : मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस. कार्बन डायऑक्साइड कमी झालाय म्हणजे फुप्फुसं भरपाई करताहेत. हा आपला वरचाच डीकेएचा रुग्ण. आता ७.३३, ६०, ३१. कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणजे दोष श्वासाचा, आणि किडनीनं बायकार्बोनेट वाढवून सांभाळून घेतलंय. असा जुना सीओपीडीचा (श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेला) रुग्ण असेल तर ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवायचा, ९९ वर नेण्याचा उत्साह दाखवायचा नाही. रोज असे तीन एबीजी सोडवले तर आठवड्यात हात बसतो.

वॉर्ड हीच वही

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांजवळ एक मोठी जमेची बाजू आहे. इंदूरच्या एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात धार, झाबुआ, अलिराजपूर, खरगोन अशा चारी बाजूंनी रुग्ण येतात, आणि पुस्तकातलं जवळपास प्रत्येक पान तिथे खाटेवर भेटतं. पोस्टिंगला जाताना खिशात छोटी वही ठेवा. नाव-नंबर न लिहिता एका रुग्णाची फक्त साखळी लिहा.

सिकल सेलचं उदाहरण घ्या. मध्य प्रदेशातल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आहे. १ जुलै २०२३ रोजी देशाचं सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं ते आपल्याच राज्यातल्या शहडोलमधून, त्यामुळे परीक्षेत तो येण्याची शक्यता धरूनच चाला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक होतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढचा भाग उपाशी पडतो, आणि हाडांत असह्य कळा येतात. आता वॉर्डात सिस्टर काय करताहेत ते बघा. सलाईन, कारण पाणी कमी पडलं की पेशी जास्त वाकतात. पांघरूण, कारण थंडीनं वाहिन्या आकसतात. तापाकडे बारीक लक्ष, कारण प्लीहा निकामी होत गेल्यानं जंतुसंसर्ग लवकर बळावतो. वेदनाशामक वेळेवर. त्या खाटेजवळ घालवलेली दहा मिनिटं घरी दोन तास वाचण्याच्या तोडीची असतात.

रुग्णाचे शब्दही टिपून घ्या. ‘लेटते ही दम घुटता है, बैठ जाऊँ तो ठीक’ असं एखादे बाबा सांगतात तेव्हा ते ऑर्थोप्नियाच सांगत असतात. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त हृदयाकडे परततं, थकलेल्या डाव्या बाजूला ते पेलत नाही, फुप्फुसात दाब वाढतो. म्हणून फाउलर पोझिशन, म्हणजे पाठ उंच करून अर्धवट बसवणं. म्हणून रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन, कारण झपाट्यानं वाढलेलं एक किलो म्हणजे साधारण एक लिटर साठलेलं पाणी.

बोलून बघा, मग लिहून

दोघी-तिघींनी एकत्र बसा. इंदूरमध्ये रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर कुठेही राहत असाल तरी आठवड्यातून दोन संध्याकाळी जमवता येतात. एकीनं वही मिटून साखळी मराठीत समजावायची, दुसरीनं प्रत्येक कडीला ‘का?’ विचारायचं. जिथे उत्तर अडखळेल तिथे खूण करून तेवढंच पुस्तकात बघायचं. मराठीत झालं की तीच साखळी इंग्रजीत, परीक्षेच्या शब्दांत, न बघता कागदावर लिहायची. ही दुसरी पायरी टाळू नका. घरात मराठी, वॉर्डात हिंदी आणि पेपरात इंग्रजी असं आपलं तिहेरी जगणं आहे. समजूत मराठीत पक्की होते, पण गुण इंग्रजी स्पेलिंगसकट लिहिलेल्या ओळीला मिळतात.

तीन आठवडे हातात असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत रोज दोन साखळ्या नव्या आणि दोन जुन्या. जुन्या न बघता लिहायच्या, वाचायच्या नाहीत. आज लिहिलेली साखळी परवा, मग आठवड्यानं पुन्हा. तिसरा आठवडा जोड्या, एबीजी आणि जुन्या पेपरांचा. आदल्या रात्री नवीन काही उघडू नका, प्रश्नचिन्हांचा तो मोठा कागद तेवढा डोळ्यांखालून घाला आणि झोपा.

पेपरात

मोठ्या प्रश्नात आधी व्याख्या दोन ओळींत, मग कारणं, मग साखळी उभ्या बाणांनी. साखळीच्या उजव्या बाजूला समास सोडा आणि प्रत्येक कडीसमोर तिचं लक्षण लिहा, म्हणजे ‘क्लिनिकल मॅनिफेस्टेशन्स’ वेगळं आठवावं लागत नाही. नर्सिंग मॅनेजमेंट लिहिताना प्रत्येक कामापुढे कारण द्या. नुसतं ‘डोकं उंच ठेवा’ लिहून अर्धेच गुण पदरात पडतात.

एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, देणार असाल तर तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. म्हणून केस वाचल्यावर पर्याय झाकून स्वतःचं उत्तर ठरवा, मग ते पर्यायांत शोधा. ‘सर्वांत आधी काय कराल’ असा प्रश्न असेल तर साखळीतली कोणती कडी रुग्णाचा जीव आत्ता घेऊ शकते ते बघा. डीकेएच्या केसमध्ये इन्सुलिन, सलाईन, पायांची काळजी आणि आहाराचा सल्ला असे चार पर्याय असतील तर सलाईनवर खूण करा. दोन पर्याय खोडता आले नाहीत तर तो प्रश्न सोडून पुढे जा.